अंकलच्या दारातलं वाक्य

आधीच सांगते, माझं डोकं पटकन फिरतं. नवरा म्हणतो, कुकर निदान शिट्टी तरी देतो, तू तीही देत नाहीस. चिडले की माझं नागपूर बाहेर येतं, ‘काहून’ आणि ‘अरे बापा’ सुरू होतं, आणि मग आमची चौदा वर्षांची मुलगी कानात इयरफोन खुपसून आपल्या खोलीत निघून जाते. त्यामुळे नाटकाच्या त्या तीन महिन्यांत आमच्या घरात जो आरडाओरडा झाला, त्यातला बराचसा माझा होता हे कबूल. पण मी का ओरडत होते, ते कुणीतरी ऐकून घ्यायला हवं.

आम्ही सिंगापूरच्या एका टोकाला, पुंगोलला राहतो. मी चिप तपासणाऱ्या एका कंपनीत टेस्ट इंजिनिअर, नवरा युनिव्हर्सिटीत संशोधक. नाटक हे माझं जुनं वेड. कॉलेजात एकांकिका स्पर्धेत दोनदा बक्षीस मिळवलं होतं. वडील म्हणाले, पुरे झाली नाटकं, आता डिग्री घे, तेव्हा मी दोन दिवस जेवले नव्हते. तिसऱ्या दिवशी जेवले, डिग्रीही घेतली. पण एक इच्छा राहूनच गेली: एकदा तरी दोन अंकी नाटक, मुख्य भूमिका, समोर भरलेला हॉल. सिंगापूरला मराठी लोकांचं एक हौशी नाटकमंडळ आहे असं कळल्यावर मी धावतच गेले. सहा वर्षं तिथे शेजारीण झाले, नर्स झाले, हळदीकुंकवाला आलेली बाई झाले. एका नाटकात तर मी नुसता दारामागून आवाज दिला. आणि गेल्या वर्षी मला आईचं काम मिळालं. मुख्य. साठ पानांच्या संहितेत जवळजवळ प्रत्येक पानावर मी.

गंमत म्हणजे ते नाटक माझ्याच गोष्टीतून निघालं होतं. गोष्ट साधी. तेरा वर्षांपूर्वी आम्ही इथे भाड्याचं घर शोधत होतो. युनिव्हर्सिटीने दिलेली तात्पुरती जागा आठ दिवसांत सोडायची होती, मुलगी सहा महिन्यांची होती. एजंटला फोन केला की पहिला प्रश्न, “यू इंडियन, आह?” हो म्हटलं की, “सॉरी आह, ओनर से कॅनॉट.” कुणी म्हणे तुम्ही फार तळता, कुणी म्हणे भिंतींना मसाल्याचा वास बसतो. एकीने तर माझं इंग्रजी ऐकून आधी होकार दिला आणि नाव कळल्यावर फोन ठेवला. असे नऊ नकार पचवले. माझ्या रागाचं काय झालं असेल ते सांगायला नको. मी फोन आपटायचे, नवरा बाळाला खांद्यावर घेऊन या खिडकीपासून त्या खिडकीपर्यंत फेऱ्या मारायचा.

दहावं घर एका इंडियन अंकलचं होतं. उत्तरेकडचे, रिटायर्ड, त्याच इमारतीत दोन मजले वर राहायचे. जाहिरातीतच लिहिलं होतं, ‘व्हेजिटेरियन इंडियन फॅमिली’. मला वाटलं, चला, निदान आपल्यातला माणूस आहे. दारात उभं राहून त्यांनी आम्हाला वरपासून खालपर्यंत पाहिलं, बाळाच्या गालाला हात लावला आणि हसून विचारलं, “कौन लोग हो आप?”

आम्ही बौद्ध. माझ्या सासऱ्यांच्या घरात, पायरी चढून आत गेलं की पहिला दिसतो तो निळ्या कोटातला फोटो. आम्ही इकडे निघालो तेव्हा सासऱ्यांनी तसाच एक फोटो टॉवेलमध्ये गुंडाळून आमच्या बॅगेत ठेवला होता. हे सगळं मला माहीत होतं. आणि तरी मी त्या दारात, बाळाच्या आणि नवऱ्याच्या देखत म्हणाले, “अंकल, हम ब्राह्मण हैं. शुद्ध शाकाहारी.”

घर मिळालं. नवरा दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. त्या घरात आम्ही दोन वर्षं काढली. आईने पाठवलेले सुके झिंगे मी ऑफिसातल्या एका फिलिपिनो मैत्रिणीला देऊन टाकले. नवरा हॉकर सेंटरला, म्हणजे खाण्याच्या ठेल्यांच्या बाजारात, मासे खाऊन यायचा आणि लिफ्टमध्ये शिरण्याआधी हात तीनदा हुंगायचा, अंकल भेटले तर काय घ्या. फोटो दोन वर्षं बॅगेतच राहिला. पुढे पुंगोलला स्वतःचा फ्लॅट घेतला तेव्हा तो बेडरूममध्ये लावला. हॉलमध्ये नंतर लावू, असं मी म्हणाले. त्यालाही आता नऊ वर्षं झाली.

आता हे नाटकापर्यंत कसं पोचलं ते सांगते. तीन दिवाळ्यांपूर्वी मंडळातल्या कुणाच्या तरी कॉन्डोमध्ये फराळ होता. सगळे आपापल्या घरशोधाच्या कथा सांगत होते. प्रत्येकाकडे एक होतीच. मी कशी मागे राहणार? मी नऊच्या नऊ एजंटांचे आवाज काढून दाखवले. लोक पोट धरून हसत होते. मला चेव चढला. मग अंकलची नक्कल केली, आणि शेवटी म्हणाले, “मग काय, मी सरळ ठोकून दिलं! हम ब्राह्मण हैं!” आणि मोठ्याने हसले.

सगळे हसले. एक बाई डोळे पुसत म्हणाली, “कमाल आहे बाई, परदेशात येऊन जात सांगायची वेळ आली!” तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मी थाप मारली, याला हे लोक हसत नव्हतेच. त्यांना ते खरंच वाटलं होतं. मला खरं तेच सांगावं लागलं, याचं त्यांना हसू येत होतं. एवढंच म्हणायचं होतं, “अगं, आम्ही ब्राह्मण नाहीच, तीच तर गंमत आहे.” शब्द अगदी जिभेवर आले. तेवढ्यात कुणीतरी चकल्यांचं ताट पुढे केलं, आणि मी चकली उचलली.

आपल्या लोकांना ठाऊकच आहे, नवा माणूस भेटला की पाच मिनिटांत आडनाव, मूळ गाव, मामाकडचं आडनाव. माझं आडनाव गावावरून पडलेलं, ते कुणाचंही असू शकतं. चार वर्षं लोकांना अंदाज लागत नव्हता, त्या दिवशी लागला. त्यानंतर माझ्याशी बोलताना ‘आपल्याकडे’ सुरू झालं. आपल्याकडे नाही का श्रावणात असं करत, आपल्याकडे नाही का तसं. मी मान डोलवत राहिले. मंडळात पहिल्या प्रयोगाआधी रंगमंचाची पूजा होते, नारळ फुटतो, प्रसादाचा शिरा वाटतात. त्या वर्षी शिरा माझ्याकडे आला. सगळ्यांना आवडला, मग पुढच्या वर्षीही माझाच. नवरा म्हणाला, “तू आता नैवेद्यपण करायला लागलीस?” मी म्हणाले, “रवा-साखर आहे ती. तुला नको असेल तर खाऊ नको.”

नाटक लिहिणाऱ्या आणि बसवणाऱ्या बाईंना आम्ही सगळे ताई म्हणतो. साठीच्या आहेत, तीस वर्षं सिंगापुरात आहेत. खोटं कशाला बोलू, बाई मनाची मोठी आहे. माझं अपेंडिक्सचं ऑपरेशन झालं तेव्हा चार दिवस बसने मऊ भात घेऊन यायची. फराळाच्या त्या संध्याकाळी तिने माझी गोष्ट ऐकली आणि म्हणाली, “हे नाटक आहे!” वर्षभरात तिने लिहिलंसुद्धा. पहिल्या अंकात एक मराठी कुटुंब घर शोधतं, सगळीकडून ‘नो इंडियन्स’ ऐकतं, नवरा-बायकोची भांडणं होतात, परत जायच्या गोष्टी निघतात. अंकाच्या शेवटी अंकलचं दार. दुसरा अंक त्या मिळालेल्या घरात.

पहिल्या वाचनाला मी एकतिसावं पान उलटलं. अंकल विचारतो, “कौन लोग हो आप?” आणि आई ताठ मानेने म्हणते, “अंकल, हम ब्राह्मण हैं. शुद्ध शाकाहारी. हमारे घर में अंडा भी नहीं आता. हम वैसे इंडियन नहीं हैं.” ताईने तिथे लाल पेनने लिहिलं होतं: थांब, टाळी घे.

मी वाचलं. आवाज लावून वाचलं. वाचनाला बसलेल्या बारा माणसांनी टाळ्या वाजवल्या. परत येताना मी पुंगोलला एमआरटीतून, म्हणजे मेट्रोतून उतरले, एलआरटीच्या छोट्या गाडीत बसले आणि आपल्या स्टेशनावर उतरलेच नाही. ती गाडी गोल फिरून पुन्हा तिथेच येते, तशी मी दोनदा आले. वाक्य पाठ करतेय असं स्वतःला सांगत होते. खरं म्हणजे घरी जायचा धीर होत नव्हता.

नवऱ्याने संहिता जेवणाच्या टेबलावर वाचली. मी भाजी ढवळत होते, पाठ त्याच्याकडे. पानं उलटायचा आवाज थांबला तेव्हा तो कुठे पोचलाय ते मला कळलं.

“हे तू म्हणणार?”

“नाटक आहे ते.”

“तेव्हाही नाटकच होतं.”

तो कधी आवाज चढवत नाही, त्याचाच मला जास्त राग येतो. तो म्हणाला, “हे बघ, तुझं काम आहे, तू ठरव. पण तू हे वाक्य म्हणणार असशील तर मी येणार नाही. पोरीलाही आणणार नाही. तिने तुझ्या तोंडून हे ऐकायला नको, आणि वर लोकांच्या टाळ्या तर नकोच नको.”

झालं. माझा कुकर फुटला. “सहा वर्षं! सहा वर्षं मी नर्स होऊन ट्रे घेऊन उभी राहिले, काहून, तर एकदा हे मिळावं म्हणून! आणि आता तुला तत्त्वं आठवली? तेव्हा ते घर कुणी मिळवलं? नऊ फोन कुणी केले? तू काय केलं, बाळ घेऊन उभा होतास!” तो उठून गेला आणि बेडरूममधल्या फोटोची काच पुसत बसला. ते पाहून मी आणखी चिडले.

मुलीला यातलं काही माहीत नव्हतं. तिला एवढंच माहीत होतं की आई हिरॉईन आहे, आणि त्याचा तिला अभिमान होता. मैत्रिणीलाही आणणार होती. शाळेत मातृभाषेच्या तासाला तिला हिंदी आहे, त्यामुळे देवनागरी ती भराभर वाचते. वाक्यं पाठ करून घ्यायला तीच माझ्यासमोर बसायची. अंकलचं हिंदी ती असं काही वाचायची की मला हसू यायचं. एकतिसाव्या पानावर आली आणि थांबली, मग इथल्या पोरांच्या लाह-मेहवाल्या इंग्रजीत म्हणाली,

“मम्मा, बट वी ईट फिश, व्हॉट.”

“ती नाटकातली आई आहे.”

“ताई आजी सेज इट्स युवर ट्रू स्टोरी लाह. यू रिअली सेड लाइक दॅट, आह?”

“पुढचं वाच.”

तिने पुढचं वाचलं नाही. कपाळाला आठी घालून म्हणाली, “दॅट एजंट से नो इंडियन्स, सो एव्हरीबडी अँग्री. दिस अंकल से ओन्ली दिस काइंड ऑफ इंडियन, दॅट वन ओके, मेह?”

मी म्हणाले, “तुला वाचायचं नसेल तर नको वाचू, उगाच वकिली नको करू!” ती उठून गेली. दार आपटलं नाही, हळूच लावलं. बापाची सवय.

मग मला चैन पडेना. ऑफिसात मशीनसमोर उभी असले तरी डोक्यात तेच वाक्य. लिटिल इंडियात साडी घ्यायला गेले, आईच्या कामासाठी साधी कॉटन हवी होती, दुकानदाराने तीन साड्या उलगडल्या आणि मी काहीच न घेता बाहेर आले. सेरंगून रोडवर उन्हात उभी राहून ताईला फोन लावला. भेटायचंय म्हणाले.

ताईने चहा ठेवला. मी म्हणाले, “ते वाक्य बदलू या का?” ती चकित झाली. “अगं, पण ते तुझंच वाक्य आहे! आणि पहिल्या अंकाची सगळी टाळी तिथे आहे.” मी म्हणाले, “आईने नुसतं शाकाहारी आहोत म्हटलं तर?” ती म्हणाली, “त्यात ताकद नाही.” मी आणखी दोन फाटे फोडून पाहिले. शेवटी माझाच मला कंटाळा आला. म्हणाले, “ताई, मी तेव्हा खोटं बोलले होते. आम्ही ब्राह्मण नाही. आम्ही बौद्ध आहोत.”

ताईच्या हातात गाळणं होतं. ते तिने सिंकमध्ये ठेवलं, पुन्हा उचललं. मग माझ्याजवळ येऊन माझा हात धरला. “वेडी आहेस का? एवढं मनाला लावून घेतलंस? आम्ही नाही हो मानत तसलं काही. माझ्यासाठी सगळे सारखे.” मला रडू आलं. मोकळं वाटलं, खरंच. ती पुढे म्हणाली, “आणि नाटकातली आई म्हणजे तू थोडीच! ती ब्राह्मण आहे, तू अभिनय कर. वाक्य राहू दे. आणि हे बघ, बाकी कुणाला सांगत बसू नकोस, उगाच चर्चा होते.”

तीन दिवसांनी तिचा मेसेज आला: ‘या वेळचा शिरा माझ्याकडून. तू फक्त वाक्यांकडे लक्ष दे.’ पुढे हात जोडल्याची खूण.

मी तो मेसेज किती वेळा वाचला असेन, देव जाणे. तिच्या मनात खरंच माझी काळजी असेल. मुख्य भूमिका, प्रयोगाचा दिवस, तीस माणसांचा शिरा, कुणीही म्हणेल बरोबर आहे. किंवा नसेल. विचारायची सोय नाही. विचारलं तर मीच वाईट, मीच संशयी, बिचारीने मऊ भात आणून दिला होता. ‘नो इंडियन्स’ बरं, तोंडावर तरी बोलतात, फोन आपटता येतो. इथे मी काय आपटणार होते? नवऱ्याला सांगायची छाती झाली नाही. सांगितलं असतं तर तो फक्त मान हलवून ‘हं’ म्हणाला असता, आणि ते मला सहन झालं नसतं.

प्रयोग रविवारी दुपारी होता, एका कम्युनिटी क्लबच्या हॉलमध्ये. सकाळी निघताना मी चपला घालत म्हणाले, “दोन तिकिटं फ्रिजवर आहेत. तिसऱ्या रांगेची.”

नवरा म्हणाला, “वाक्य?”

“या तुम्ही.”

“म्हणजे काय?”

“म्हणजे या!” मी ओरडले आणि लिफ्टकडे गेले. काय करणार होते ते मलाच माहीत नव्हतं. एकदा वाटायचं, म्हणून टाकू, एका ओळीसाठी वीस वर्षांची इच्छा कोण घालवतं? एकदा वाटायचं, पोरगी समोर बसली असेल.

पूजा झाली, नारळ फुटला. ताईचा शिरा आला. साखर जास्त झाली होती, हे मी मुद्दाम लिहून ठेवते. पडदा उघडण्याआधी मी फटीतून पाहिलं. तिसऱ्या रांगेत दोन खुर्च्या रिकाम्या. नाहीच आले, म्हटलं. वाईट वाटलं, आणि खरं सांगू का, थोडं हायसंही वाटलं. आता म्हणायला मी मोकळी होते.

पहिला अंक इतका रंगला की काय सांगू. एजंटांच्या फोनला हशा, भांडणाला सन्नाटा. अंकलच्या दारात आम्ही उभे राहिलो, माझ्या कडेवर चादरीत गुंडाळलेली बाहुली. अंकलचं काम करणारा मुलगा युनिव्हर्सिटीत पोस्टडॉक करत होता, मराठवाड्याचा, तिशीचा, मिशी लावून साठीचा झालेला. मितभाषी. मंडळात पहिल्या दिवशी ताईने आडनाव विचारलं तर नुसतं नाव सांगून म्हणाला होता, “तेवढ्यावर भागेल.” सगळे हसले होते. त्याने दार उघडलं, किल्ली बोटात फिरवली, बाहुलीच्या गालाला हात लावला आणि विचारलं, “कौन लोग हो आप?”

मी तोंड उघडलं, आणि तिसऱ्या रांगेत ते दोघं दिसले. कधी आले कोण जाणे. नवरा खाली मान घालून बसला होता. पोरगी पुढे वाकून, हनुवटी समोरच्या खुर्चीच्या पाठीवर टेकवून माझ्याकडे बघत होती. तिचे ओठ हलत होते. तिला ते वाक्य पाठ होतं. ती माझ्यासाठी म्हणत होती, मी चुकू नये म्हणून.

मी गप्प. विंगेतून ताईने कुजबुजत वाक्य दिलं, “हम ब्राह्मण हैं…” मी गप्पच. तिने पुन्हा दिलं, जरा मोठ्याने. पहिल्या रांगेला ऐकू गेलं असणार.

“अंकल,” मी म्हणाले, “हम बौद्ध हैं. मच्छी-मटण सब खाते हैं.”

लोक हसले. त्यांना वाटलं विनोद आहे.

“घर साफ रखेंगे. छोटी बच्ची है. आठ दिन में जगह खाली करनी है. घर दे दीजिए.”

हसू विरलं. आता संहितेप्रमाणे अंकलने किल्ली द्यायची होती. त्या मुलाने माझ्याकडे पाहिलं. मी त्याला भर रंगमंचावर बुडवलं होतं, त्याच्या जागी मी असते तर घाबरले असते. त्याने किल्ली शांतपणे खिशात टाकली, चेहऱ्यावर गोड हसू आणलं आणि म्हणाला, “बहनजी, हम तो ये सब मानते नहीं. मगर क्या है, ऊपर माताजी रहती हैं, बीमार हैं. आप बुरा मत मानना. आप अच्छे लोग हो, आपको कहीं भी मिल जाएगा.” हात जोडले आणि दार लावून घेतलं.

मी त्या खोट्या दारासमोर उभी राहिले. दिवे मालवले. टाळी नाही. अंधारात कुणीतरी खोकलं, तेवढंच.

मध्यंतरात ताई माझ्या अंगावर आली.  “काय केलंस हे? आता दुसरा अंक कुठे करायचा, रस्त्यावर? त्यांना घर मिळालंच नाही!” ती म्हणत होती ते बरोबरच होतं.  “आहे तसाच करू,” मी म्हणाले. तसाच केला. पडदा उघडला आणि ज्यांना घर नाकारलं होतं, ते कुटुंब त्याच घरात सोफ्यावर बसून चहा पीत होतं. लोक एकमेकांकडे बघत होते. शेवटी टाळ्या वाजल्या, त्या मंडळावरच्या प्रेमापोटी. ताई मला एवढंच म्हणाली, “तोंडघशी पाडलंस मला.” त्यानंतर मला मंडळाचा फोन आलेला नाही. यंदाच्या नाटकात आईचं काम दुसरं कुणी करतंय. वाईट वाटतं, का वाटू नये?

मेकअप उतरवताना तो अंकल शेजारच्या आरशात मिशी सोलत होता. मी म्हणाले, “माफ कर रे, तुला अडचणीत टाकलं. पण ते उत्तर तुला इतक्या पटकन सुचलं कसं?”

“सुचलं नाही वहिनी,” तो म्हणाला. “पाठ आहे. पुण्यात पीएचडीला होतो तेव्हा अकरा खोल्या बघितल्या. प्रत्येक घरात वर एक आजारी आई असायची.” त्याने मिशी डबीत ठेवली आणि झाकण लावलं.

बाहेर नवरा आणि पोरगी उभे होते.  एमआरटीत गर्दी होती, उभ्यानेच आलो. पुंगोलला एलआरटीत बसायला जागा मिळाली, डबा जवळजवळ रिकामा होता, बाहेर अजून उजेड होता. पोरीने माझ्या खांद्यावर डोकं टेकलं. मला वाटलं आता कौतुक करेल.

“मम्मा,” ती म्हणाली, “द अंकल से नो. देन हाऊ कम दे स्टे इन द हाउस?”

ताईने हेच विचारलं होतं. ताईला मी नाटकापुरतं उत्तर दिलं होतं. हिला ते चालणार नव्हतं. मी तिला सांगितलं, सगळं, मराठीत, हळू आवाजात. नऊ फोन, अंकल, तिचा गाल, माझं वाक्य. बॅगेतला फोटो. देऊन टाकलेले झिंगे. “मी खोटं बोलले म्हणून घर मिळालं,” मी म्हणाले. “खरं बोलले असते तर काय झालं असतं, ते तू आज पाहिलंस.”

आमचं स्टेशन आलं. कुणीच उठलं नाही. दारं लागली, गाडी पुढच्या फेरीला निघाली.

 मग माझ्या पलीकडे वाकून मुलीने बापाकडे पाहिलं. मराठीत बोलली, तिला जमतं तसं. “पप्पा, तू पण होता ना तिथे? तू काय बोलला?”

तेरा वर्षं मला वाटत होतं, याचं उत्तर मला माहीत आहे. तो उभा होता, बाळ घेऊन, माझी लाज वाटून. मी तयारीत बसले होते, आता हा ‘हं’ म्हणेल.

“काही नाही,” तो म्हणाला.  “आईने ते म्हटलं, तेव्हा मी मान हलवली. अंकल माझ्याकडे बघत होते, म्हणून मी हो म्हणून मान हलवली. आईला ते दिसलं नाही, मी तिच्या मागे उभा होतो.”